तीन बुक्के

ज्या वर्षी आमच्या गोठ्यात घटसर्प शिरला, त्या वर्षी एकोणीस दिवसांच्या अवधीत आमच्या अकरा म्हशींपैकी आठ म्हशी दगावल्या. त्या रोगाची रीत अशी की, सकाळी म्हैस धार काढू देत नाही, दुपारी तिच्या गळ्याखाली सूज उतरते आणि संध्याकाळी तिचा श्वास फाटक्या भात्यासारखा वाजू लागतो. दुसऱ्या दिवशी तिला ओढून नेण्याकरिता दोर शोधावा लागतो. प्रत्येक म्हशीच्या पायाला मी स्वतः दोर बांधला. आठव्या खेपेस माझ्या बोटांना गाठ मारता येईना, तेव्हा माझ्या पत्नीने दोर माझ्या हातून घेतला आणि गाठ तिने मारली.

वीस गावांना मिळून जनावरांचे डॉक्टर एकच होते. त्यांची फटफटी सकाळी एका गावात दिसे तर दुपारी दुसऱ्या गावात, आणि रोग मात्र सर्व गावांत एकाच वेळी पसरलेला होता. म्हणून त्यांनी औषधाच्या बाटल्या व पिचकारी आमच्या ओट्यावर ठेवली आणि माझ्या पत्नीला सुई देण्यास शिकविले. मला शिकविले नाही, कारण पहिल्याच म्हशीच्या वेळी मी डोळे मिटून घेतले होते.

म्हशीला सुई देण्याची रीत माणसांच्या रीतीहून भिन्न आहे आणि ती येथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व प्रकार तिच्यामुळेच घडला. म्हशीचे कातडे जाड असते व तिला अचानक टोचलेले खपत नाही. त्याकरिता उजव्या हातात सुई लपवून धरावयाची, डाव्या हाताची मूठ वळावयाची आणि त्या मुठीने म्हशीच्या मानेवर तीन बुक्के मारावयाचे. तेवढ्याने ती जागा बधिर होते, आणि म्हशीला वाटते की मालकीण नेहमीप्रमाणे आपल्याला थोपटते आहे. चौथ्या बुक्क्याच्या जागी सुई जाते. तोंडाने मात्र "हो, हो, थांब गं बाई" असे सारखे बोलत राहावयाचे.

त्या महिन्यात तिने गावातील दीडशेहून अधिक जनावरांना सुई दिली. पहाटे धार काढून ती निघे आणि एकेका गोठ्यातून फिरत दुपारी परत येई. तिच्या डाव्या मुठीच्या कडेला घट्टे पडले. आमच्या आठ म्हशी तोपर्यंत गेलेल्या होत्या, परंतु इतरांचे पुष्कळ गोठे वाचले. अखेरच्या दिवशी डॉक्टर रिकाम्या बाटल्या नेण्यास आले आणि ओट्यावर बसून त्यांनी तिला विचारले,

"ताई, शाळा किती झाली?"

"बारावी. लग्नाच्या आधी."

"मग इथं शेण काढत काय बसलाय? शहरातल्या इस्पितळात नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स असतो. अर्ज निघालेत."

"आता? या वयात?"

"वय किती?"

"चौतीस."

"मग हे शेवटचं वर्ष. पस्तिशीनंतर उभं करत नाहीत दारात."

तिने माझ्याकडे पाहिले. मी स्वतः सातवीतून शाळा सोडलेला मनुष्य. मी गोठ्याकडे पाहिले, तर तेथे आठ खुंट रिकामे होते आणि त्या खुंटांभोवती जनावरांच्या खुरांनी झालेले खळगे अद्याप तसेच होते. मी म्हणालो, "भर की अर्ज." मोठा विचार करून मी हे बोललो नाही. तिने नाही म्हटले, तर आम्हा दोघांना रोज सकाळी त्या खळग्यांकडे पाहत बसावे लागेल, एवढेच मला त्या वेळी कळले.

माझी आई आतून म्हणाली, "चौतिसाव्या वर्षी पाटी-दप्तर! घरात काय आता दोघी शाळेला जाणार? मायलेकी एका बाकावर बसा म्हणजे झालं."

आमची मुलगी दहा वर्षांची होती. ती म्हणाली, "आजी, आई माझ्यापेक्षा उंच आहे. ती मागच्या बाकावर बसेल."

*

पहिल्या दिवशी माझी पत्नी वर्गात शिरली तेव्हा सर्व मुली एकदम उठून उभ्या राहिल्या. अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या मुली, त्यांना वाटले की शिकविणाऱ्या बाईच आल्या. ती खाली मान घालून सर्वांत मागच्या बाकावर जाऊन बसली, तेव्हा कुठे त्या बसल्या, आणि मग वर्गात जे हसू फुटले ते खऱ्या बाई येईपर्यंत थांबले नाही. घरी आल्यावर तिने हे आम्हांला सांगितले नाही. चार महिन्यांनी, त्या मुली तिला "मावशी" म्हणू लागल्यावर, तिने सांगितले.

आमचा दिनक्रम पार बदलला. सकाळी सहाच्या बसने तिला जावे लागे, म्हणून तीन म्हशींच्या धारा ती साडेचारला काढी. मी स्वयंपाक शिकलो. शिकलो म्हणण्यापेक्षा, माझ्या हातचे खाण्यास घरातील माणसे शिकली, असे म्हणणे अधिक योग्य होईल. मुलगी ताटाकडे पाहून विचारी, "बाबा, हे काय आहे?" आणि आई म्हणे, "विचारू नये बाळा. विचारलं की घशाखाली उतरत नाही."

डेअरीवर दूध घालण्यास गेलो की माप घेणारा मोठ्याने हाक मारी, "आले का सिस्टरचे मिस्टर?" रांगेतील सर्व मंडळी हसत. कोणी विचारी, "काय हो, घरात आता तुम्हाला दूध-गोळी वेळच्या वेळी मिळते ना?" कोणी म्हणे, "आम्ही ऐकलं, तुम्हीच भांडी घासता." मी म्हणे, "घासतो. तुमचं कॅन आणा, तेही घासून देतो, वास मारतंय." परंतु घरी परतताना वाटेत माझे कान तापलेले असत, हे मी लपवीत नाही.

संध्याकाळी मी तिचा रोगी होत असे. रोगी खाटेवर असताना त्याच्या खालची चादर कशी बदलावी, हे तिला साधत नव्हते. मी खाटेवर निजे, ती मला एका कुशीवर वळवी, चादर गुंडाळीत माझ्या पाठीपर्यंत आणी आणि मग मला त्या गुंडाळीवरून पलीकडे लोटी.

"अगं, हळू. मी गवताचा भारा आहे का?"

"रोग्यानं बोलायचं नसतं."

"रोग्याला पाठीला खाज आली तर?"

"कळवायचं."

"कळवतो. जरा वर. आणखी वर. हां."

तदनंतर ती भांडी आवरी आणि मी तिच्या पुस्तकातील प्रश्न वाचून दाखवी. प्रारंभी एकेक शब्द फोडून वाचावा लागे, "रक्ताभिसरण" या शब्दापाशी मी दोन दिवस अडलो होतो. ती तोंडाने उत्तर देई, मी बोट ओळीवर ठेवून ते पुस्तकाप्रमाणे आहे की नाही हे पाही. अशा रीतीने एक वर्ष गेले, आणि ती वर्गात सातवी आली.

त्याच सुमारास माझ्या आईचे पाय सुजू लागले व तिला सारखी तहान लागू लागली. सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी रक्त तपासले आणि साखर एवढी वाढलेली आहे की रोज सकाळी जेवणाआधी पोटात सुई घ्यावी लागेल, असे सांगितले. गावात एक कंपाउंडर होता, तो सकाळी येऊन सुई देऊन जाई. त्याच्याविषयी आईचे मत असे होते की, "तो सुई टोचत नाही, खुंटी ठोकतो." मी एकदा म्हणालो की सून शिकते आहे, तिच्याकडून घेत जा. त्यावर आई म्हणाली, "तिचा हात मी गोठ्यात पाहिलाय. मी अजून म्हशीच्या रांगेत बसले नाही."

*

दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात तिला पुरुषांच्या वॉर्डात काम लागले. तेथे कमरेच्या दुखण्याने आलेले एक गृहस्थ होते, लाकडाच्या वखारीचे मालक. शरीराने अत्यंत भरदार, रंगाने काळेसावळे. त्या दिवशी त्यांना कुल्ल्यावर सुई द्यावयाची होती, आणि माणसाला सुई देण्याची माझ्या पत्नीची ती पहिलीच वेळ होती. शिकविणाऱ्या बाई शेजारच्या खाटेपाशी होत्या. वखारवाले पालथे निजले, कमरेवरील कापड बाजूस सारले गेले आणि माझ्या पत्नीच्या समोर ती रुंद काळी पाठ व कंबर आली. रात्री मुलीला ताप होता, म्हणून ती जागलेली होती. पुढे काय झाले ते तिला स्वतःला पूर्ण झाल्यावरच कळले. तिची डावी मूठ वळली, वर गेली आणि तिने वखारवाल्यांच्या कुल्ल्यावर तीन सणसणीत बुक्के मारले. आणि मारताना ती म्हणाली, "हो, हो, थांब गं बाई."

सुई मात्र, तिच्या म्हणण्याप्रमाणे, अगदी योग्य जागी गेली.

वखारवाल्यांची किंकाळी औषधांच्या खिडकीपर्यंत ऐकू गेली. सर्व वॉर्ड उठून बसला. ज्यांना उठून बसण्याची परवानगी नव्हती, तेही बसले. वखारवाल्यांनी तेथेच कागद मागवून तक्रार लिहिली की, प्रशिक्षणार्थी परिचारिकेने मला मारहाण केली व स्त्री म्हणून संबोधले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी, म्हणजे परिचारिकांच्या मुख्य बाईंनी, मला बोलावून घेतले. त्यांच्या टेबलासमोर खुर्ची होती, परंतु बसा असे कोणी म्हणाले नाही, म्हणून मी उभा राहिलो. माझी पत्नी भिंतीपाशी उभी होती. तिचा डावा हात तिने उजव्या हाताने मनगटापाशी घट्ट धरलेला होता, जणू ते दुसऱ्याचे जनावर आहे आणि सुटून कोणाच्या शेतात शिरेल.

"घरी भांडण वगैरे झालं होतं का?" मोठ्या सिस्टरांनी विचारले.

"नाही बाई."

"मग असं का वागली ही?"

मी त्यांना म्हशीच्या सुईची रीत सांगितली. त्यांनी सर्व ऐकून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावरील एकही रेषा हलली नाही.

"आठवड्याच्या आत ही तक्रार परत घेतली गेली नाही तर नाव कमी करावं लागेल. माझ्या हातात नाही ते."

मी वॉर्डात गेलो. वखारवाले एका कुशीवर होते. त्यांची पत्नी शेजारी स्टुलावर बसून फळ सोलत होती. मी खाटेच्या पायथ्याशी हात जोडून उभा राहिलो.

"कोण तुम्ही?"

"मी त्या बाईंचा नवरा."

वखारवाल्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "तुम्हालाही मारते का?"

"नाही साहेब. तिचा दोष नाही. आमच्याकडं सुई म्हशींना द्यायची असते. आधी तीन बुक्के मारावे लागतात, नाहीतर म्हैस लाथ घालते. तिच्या हाताला सवय लागली."

"म्हणजे मी म्हैस?"

"नाही, नाही. तसं कसं म्हणेन?" मी घाबरून गेलो आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे निघू नये ते निघाले. "रेडा असता तर पाच मारले असते."

स्टुलावरील बाईंच्या हातातील फळ खाली पडले. त्या तोंडाला पदर लावून हसू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"हसतेस काय?" वखारवाले ओरडले.

"अहो, पंचवीस वर्षं मनात होतं माझ्या," त्या कशाबशा म्हणाल्या. "कुणीतरी मारले एकदाचे."

शेजारच्या खाटेवरील म्हातारा म्हणाला, "वखारवाले, दुखणं उतरलं का पण?"

"उतरलं म्हणा थोडं," वखारवाले म्हणाले. आणि हे बोलल्यावर त्यांना स्वतःलाच हसू आवरेना, आणि हसताना कमरेत कळ येई म्हणून ते हसत आणि कण्हत राहिले. "आणा तो कागद. फाडतो. पण एक सांगतो, ती बाई सुई घेऊन पुन्हा या खाटेकडं फिरकता कामा नये. चादर बदलू दे, पाणी देऊ दे. सुई नको."

कागद फाटला. मी धावत मोठ्या सिस्टरांकडे गेलो. त्या म्हणाल्या, "तक्रार परत घेतली, छान झालं. पण हात परत घेतला का तिनं? परीक्षा होईपर्यंत ती वॉर्डात सुईला हात लावणार नाही. आणि परीक्षेत सुई आहे. परीक्षा घ्यायला बाई बाहेरून येतात, त्यांच्यासमोर मूठ उठली तर जागच्या जागी नापास. पुन्हा बसायची सोय नाही, तिचं वय उलटलंय. हे तिला सांगा."

सांगण्याची आवश्यकता नव्हती. ती दाराशी उभी राहून ऐकत होती.

*

पुढील अडीच महिने तिने वॉर्डात फक्त मलमूत्राची भांडी उचलली, रोग्यांची अंगे पुसली आणि चादरी बदलल्या. ज्या मुलींना ती अभ्यास सांगत असे, त्या तिच्यासमोरून सुईचा ट्रे घेऊन जात. "मावशी, बुक्का आहे का शिल्लक?" असे एखादी विचारी. ती हसे. बसमध्ये ती खिडकीबाहेर पाहत बसे आणि डावा हात मांडीखाली दाबून ठेवी.

परीक्षेच्या आधी पंधरा दिवसांची सुटी मिळाली. मी एका उशीत भुसा भरून तिचे तोंड शिवले. ती उशी खाटेवर ठेवून आमचा सराव सुरू झाला. इस्पितळातील एका मुलीने जुनी पिचकारी दिली होती, तीत ती पाणी भरी, कापसाने उशी पुसी, सुई वर धरून हवा काढी. येथपर्यंत सर्व व्यवस्थित होई. आणि मग डावी मूठ वर जाई. दहापैकी सात वेळा ती जाई. ज्या तीन वेळा जात नसे, त्या वेळी तिचे सर्व लक्ष त्या मुठीकडे लागलेले असे आणि सुई वाकडी जाई.

"हात पाठीमागं बांधून बघ," मी म्हणालो.

"परीक्षेत बांधू देतील का?"

"मग दातात धर."

"तुम्ही जरा गप बसता का?"

ती असे कधी बोलत नसे. मी उठून गोठ्यात गेलो आणि शेण भरू लागलो. थोड्या वेळाने ती आली व माझ्या शेजारी दुसरी पाटी भरू लागली. शेण भरताना तिचे दोन्ही हात किती शहाण्यासारखे वागत होते, ते मी पाहत होतो. ती म्हणाली, "त्या उशीत मला म्हैसच दिसते. माणूस दिसतच नाही. काय करू?"

मी तिची भरलेली पाटी उचलून उकिरड्यावर नेली.

सुटीच्या चौथ्या दिवशी कंपाउंडर आला नाही. त्याच्या सासऱ्याचे काही बरेवाईट झाल्यामुळे तो सहकुटुंब गेला होता व आठ-दहा दिवस येणार नव्हता. आई ओट्यावर बसून नऊ वाजेपर्यंत वाट पाहत राहिली. सुईवाचून तिला जेवता येत नव्हते. मी बस धरून तिला दवाखान्यात नेतो म्हणालो, तर ती म्हणाली, "रोज? या सुजलेल्या पायांनी?" दवाखान्यातील डॉक्टरांनी आरंभीच सांगितले होते की, ही सुई घरातील माणसाने शिकून घ्यावी, आणि माझ्या पत्नीला ती दाखविलीही होती. हे आईला ठाऊक होते. तिने पाणी मागितले, ते प्याली, पेला खाली ठेवला आणि आत हाक मारली.

"ये बाई. आण तुझं ते सामान."

माझ्या पत्नीने हात धुतले. एकदा धुतले, पुसले आणि पुन्हा धुतले. औषधाचे माप मी आणि मुलीने दोघांनी पाहिले. आईने पोटावरचे कापड दूर केले. सत्तर वर्षांचे, तीन बाळंतपणांचे ते पोट, त्यावर कंपाउंडरच्या सुयांचे निळे डाग होते. माझी पत्नी तिच्यासमोर गुडघे टेकून बसली. कापूस फिरवला. सुई धरली. आणि डावा हात वर उठला.

तो हवेत थांबला. मूठ वळलेली होती. मुलीने माझा सदरा धरला.

आईने त्या मुठीकडे पाहिले. ती रागावेल असे मला वाटले. तिने आपला हात वर नेला, ती मूठ मनगटाला धरून खाली आणली, एकेक बोट उलगडले आणि तो पंजा आपल्या पोटावर ठेवला.

"इथं ठेव. चिमट्यात कातडी धर. अशी. आता हा हात इथनं काढायचा नाही, मी सांगितल्याशिवाय."

"दुखलं तर सांगा."

"दुखणारच. सुई आहे, फूल नाही. टोच."

सुई गेली. आई भिंतीकडे पाहत होती. सुई बाहेर आल्यानंतरही माझ्या पत्नीचा डावा हात तसाच पोटाला धरून होता.

"झालं का?" आईने विचारले.

"झालं."

"मग सोड की. सांगितलं म्हणून दिवसभर धरून बसणार?" आणि मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "त्या कंपाउंडरला सांग, आणखी महिनाभर तिकडंच राहा म्हणावं."

त्यानंतर अकरा दिवस रोज सकाळी हा विधी झाला. दुसऱ्या दिवशी हात खांद्यापर्यंत उठला व आईने नुसते "हं" म्हणताच खाली आला. तिसऱ्या दिवशी तो किंचित हलला. पाचव्या दिवशी आई सुई चालू असताना मुलीला पाढे विचारीत होती आणि माझी पत्नी मध्येच म्हणाली, "आठ साती छप्पन्न, चुकलीस तू." ते ऐकून मी चुलीपाशी बसलो होतो तेथून वर पाहिले. तिचा डावा हात आईच्या पोटावर निवांत होता आणि तिचे त्याच्याकडे लक्षही नव्हते. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तो पुन्हा जागा झाला असता, अशी मला भीती वाटली.

*

परीक्षेच्या दिवशी मी इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. आतील वॉर्डाचे दार बंद होते. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई ठेंगण्या, चष्मा लावणाऱ्या, आणि कोणाशीही न बोलणाऱ्या होत्या. एकेक मुलगी आत जाई आणि वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेर येई. माझ्या शेजारी एका मुलीचे वडील बसले होते, व्यवसायाने न्हावी.

"तुमचीही मुलगी का?" त्यांनी विचारले.

"बायको."

"हां, हां. मग तुमची काळजी दुप्पट."

माझी पत्नी आत गेली, तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. मी दारापाशी जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. मला पाहता काहीच येत नव्हते, म्हणून मी ऐकत होतो. आत भांड्याला भांडे लागल्याचा आवाज झाला. परीक्षक बाईंनी काही विचारले, पत्नीने उत्तर दिले. ते उत्तर मला ठाऊक होते, आणि ते बरोबर होते. मग कोणी तरी खाट सरकवली. मग शांतता. मी धप असा आवाज येण्याची वाट पाहत होतो. माझ्या छातीतच तो आवाज इतक्या जोराने होत होता की, बाहेरचा कोणता आणि आतला कोणता हे मला कळेना. न्हाव्याने विचारले, "तब्येत बरी आहे ना?" मी मान हलविली.

दार उघडले. ती बाहेर आली. तिचा चेहरा पाहून मला काही समजेना.

"उठला का?" मी विचारले.

"काय?"

"हात."

ती थांबली. तिने आपल्या डाव्या हाताकडे पाहिले, उलटसुलट करून पाहिले. "आठवत नाही," ती म्हणाली. "खरंच आठवत नाही हो. एक म्हातारी होती, दंडाला नुसतं हाड. ती विचारत होती की तू कुठल्या गावची, मुलं किती. मी सांगत होते. मग बाई म्हणाल्या, पुढचं काम करा."

"मग सुई?"

"दिली असणार. पिचकारी रिकामी होती."

*

निकालाला पाच आठवडे लागले. त्या दिवशी आम्ही दोघेही सकाळच्या बसने गेलो. फळ्यावर कागद लावलेला होता आणि त्याच्यापुढे मुलींची गर्दी होती. पत्नी पुढे जाईना. मी त्या मुलींमधून वाट काढीत गेलो. कागदावर फक्त क्रमांक होते. मी शेवटून वर वाचीत गेलो, कारण वरून वाचण्याचा धीर नव्हता. तिचा क्रमांक वरून नववा होता. मी बोट ठेवले आणि तो पुन्हा वाचला, आणि पुन्हा वाचला, एकेक आकडा फोडून. मागून एक मुलगी म्हणाली, "काका, बोट काढा ना, आमचाही आहे त्याच्याखाली." मी बोट काढले. मी मागे वळून पत्नीला काही सांगणार तोच त्या सर्व मुली तिच्या गळ्यात पडलेल्या होत्या आणि मला जागाच राहिली नाही.

मोठ्या सिस्टर जिन्यावरून उतरत होत्या. त्या तिला म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी या. पांढरे बूट घालून." आणि मला म्हणाल्या, "बसा ना, उभे का?" तेथे बसण्याकरिता काहीच नव्हते, तरीही मला बरे वाटले.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ दोन जागा मिळाल्या. मला आठवते ते एवढेच की, मी तिला म्हणालो, "आता घरी जाऊन आधी आईला..." आणि तिने "हं" म्हटले. त्यापुढील काहीही आठवत नाही. जाग आली ती कंडक्टरने खांदा हलविल्यामुळे.

"ओ पाहुणे, उतरा. गाडी धुवायची आहे."

बस रिकामी होती. पत्नीचे डोके माझ्या खांद्यावर होते आणि माझे डोके खिडकीच्या गजावर. आमचे गाव चार मैल मागे राहिले होते. दोन वर्षांत आम्हा दोघांपैकी कोणीही दिवसा डोळा मिटलेला नव्हता.

"दोघंही झोपलात?" कंडक्टर म्हणाला. "एकानं तरी जागं राहायचं."

"आज नाही," माझी पत्नी म्हणाली.

परतीची बस संध्याकाळी होती, म्हणून आम्ही पायी निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस कापणी झालेली शेते होती व ऊन मवाळ होते. या दोन वर्षांत ती माझ्याहून नेहमी चार पावले पुढे चालत आली होती, बस गाठण्याच्या घाईने. आज ती माझ्या मागे राहिली. अर्ध्या वाटेवर एक लहान मोरी होती. ती तिच्या कठड्यावर बसली, तिने चपला काढल्या आणि पाय समोर लांब केले.

"जरा बसू या," ती म्हणाली.

मी विचारले, "उशीर नाही का होणार? आई वाट बघत असेल."

"बघू दे," ती म्हणाली, आणि हसली.

मी तिच्या शेजारी बसलो. मोरीखालून थोडेसे पाणी वाहत होते. आम्ही बराच वेळ तेथे बसलो होतो आणि त्या वेळात कोणीही उठू या असे म्हणाले नाही.